पाच शिरांचं पान

प्रिय बा,

तू जाऊन साडेचार महिने झाले, अन् बुधवारी तुझी खूण असलेलं एक नवंकोरं घड्याळ आपल्या स्टँडाजवळच्या लाकडी खोक्यात आलं. मागच्याच हप्त्यात विकत घेतलेलं! मेल्यावरही तू घड्याळं तपासून राह्यला का रे? तिकडं कोणी भिंग दिलं तुले?

म्हणून हे पत्र. आधी शाळेतल्या भाषेत लिहायला घेतलं. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार' असं लिहिलं अन् मलेच हसू आलं. साष्टांग तू जन्मात कोणाले घातला नाही, अन् मी तुले घालू? फाडला कागद. आता जशी बोलते तशीच लिहिते. खूश आहो, चिडली आहो, अन् तुझ्यावर लय राग आहे. आज सोमवार. खोक्याची फळी अर्धी लावून घेतली, आत तुझ्या स्टुलावर बसली आहो. बाहेरून दोघंजण हाका मारून गेले. जाऊ दे, उद्या येतील.

सांगायचं खूप आहे, पण पहिल्यापासून सांगते. तुले सगळं ठाऊक असलं तरी ऐक. तू ऐकून घेणारा माणूस होता, बोलणारा कधी नव्हता. तिथंच तर सगळी गडबड झाली.

तुले आठवते का, तू नागपूरहून पांढऱ्या कपड्यात आला तो दिवस? छप्पन साल. मी तवा चौदा वर्षांची होती. त्याच्या आधी तू घड्याळाच्या झाकणाच्या आत नुसता एक ठिपका कोरायचा, यवतमाळच्या उस्तादाने शिकवला तसा. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस झाकणात आपली बारीक खूण करतो, म्हणजे पुढच्याले समजावं की आधी कोणाचा हात लागला. पण नागपूरहून आल्यावर तू ठिपका सोडला. पिंपळाचं पान कोरलं. तांदळाच्या दाण्याएवढं. मधी एक दांडी, डाव्या अंगाले तीन शिरा, उजव्या अंगाले दोन.

मायनं भिंगातून पाह्यलं अन् म्हणे, "हे कसं वाकडं पान? एका अंगाले तीन अन् एका अंगाले दोन?"

तू म्हणाला, "शीलं पाचच आहेत. सहावं मी कुठून आणू?"

प्रत्येक शीर ओढताना तू ओठातल्या ओठात एक शील म्हणायचा. डावीकडं वरून खाली, जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चाल चालणार नाही. मग उजवीकडं वर, खोटं बोलणार नाही. त्याच्या खाली, दारू पिणार नाही. मी तुझ्या बाजूले बसून ऐकायची. तुझा क्रम कधी चुकला नाही.

अन् घड्याळ घ्यायची तुझी ती रीत! लोक घड्याळ वरूनच फळीवर टाकायचे, तुझ्या हाताले हात लागू नये म्हणून. तू ते उचलायचाच नाही. तळहात पसरून बसायचा. "हातात द्या. फळीवर काच फुटते," एवढंच म्हणायचा. शेठ असो का पाटील. काही जण चिडून परत जायचे अन् पंधरा दिवसांनी गुमान तळहातावर ठेवून जायचे, कारण दुसरा कोणी होताच कुठं दिग्रसात! खरं घड्याळ कोणतं अन् पत्र्याचं कोणतं, हे तुझ्याशिवाय सांगणार कोण?

मले तू तेच शिकवलं. आधी तळहातावर वजन पाहा. मग कानाले लाव. खरं घड्याळ सरसर एकसारखं चालते, खोटं खडखडते. मग पट्टा अडकवायच्या जागी पाहा, सोन्याचं पाणी तिथं आधी उडते अन् पितळ हसते. मग भिंग लावून डायलवरची अक्षरं पाहा, खोट्याच्या अक्षरांच्या कडा टिपकागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या असतात. मग झाकण उघड अन् स्क्रूची डोकी पाहा. अन् सगळ्यात शेवटी म्हणायचा, "हे सगळं नंतर. आधी विकणाऱ्याची घाई पाहा, कौशे."

हळूहळू तुझं पान लग्नातच शिरलं. साक्षगंधात नवऱ्या मुलाले घड्याळ द्यायची पद्धत पडली, अन् मुलाचा मामा भर मांडवात विचारायला लागला, "पान आहे का?" कंपनीचं नाव कोणी वाचत नव्हतं! मुलीचा बाप घड्याळ आणायचा, तू उघडायचा, खरं असलं तर पान कोरायचा, खोटं असलं तर बिनबोभाट परत द्यायचा. ज्यांनी आपल्या घरचं पाणी कधी पेलं नाही, त्यांच्या मनगटाले तुझं पान चिकटून राह्यलं होतं. मले याची लय गंमत वाटायची. तुलेही वाटत असेल, पण तू हसायचा नाही.

मग गुलाबशेठनं मेनरोडवर फॅन्सी स्टोअर काढलं. गॉगल, पट्टे, सोनेरी टोपणाचे पेन, लेडीज पर्स अन् घड्याळं. सगळं म्हणे विलायती, मुंबईच्या गोदीतून थेट दिग्रसले! मी अन् वच्छी एकदा पाहायला गेलतो. वच्छी म्हणजे आपल्या वस्तीतल्या सदूकाकाची पोरगी, माझी सोबतीण. तिनं एक लाल पर्स हातात घेतली, अन् मी आत बोट घालून शिवण उसवून पाह्यली, तर अस्तराच्या मांजरपाटावर गिरणीचा शिक्का! विलायतेच्या मडमेले आपल्या बाजारातला मांजरपाट लागते का? आम्ही दोघी हसत हसत पळालो. तुले सांगतलं तर तू म्हणाला, "आपल्याले कोणी विचारलं का? विचारलं तरच सांगायचं."

काहून रे बा? काहून विचारल्याशिवाय सांगायचं नाही? तेव्हाच बोंब मारली असती तर?

पुढल्या वर्षी वच्छीचं लग्न ठरलं, दारव्ह्याच्या पोराशी. पोरगा यष्टीत कंडक्टर. साक्षगंधाच्या दोन दिवस आधी भरदुपारी सदूकाका आपल्या खोक्यात आला. जिनिंगमधून तसाच आलता, डोक्यात, भुवयांत कापसाचे तंतू. मले तू म्हणाला, "कौशे, चहा घेऊन ये." हॉटेल समोरच होतं, पण तू म्हणाला, "मेनरोडवरचा आण." मी चहा घेऊन आली तवा सदूकाका दुपट्ट्यानं डोळे पुसून राह्यला होता अन् तू घड्याळाचं झाकण बंद करत होता. मी विचारलं काय झालं, तर तू म्हणाला, "डोळ्यात कापूस गेला त्याच्या." मले पटलंही. जिनिंगच्या माणसाच्या डोळ्यात कापूसच जाणार!

ती गोष्ट मी विसरून गेली. तू नाही विसरला, हे मले काल समजलं.

आता ज्या दिवसाची मले लाज वाटते तो सांगते.

बाजारात बंद पडलेली घड्याळं निघायला लागली. आत पत्रा, अन् झाकणात पान. एक, दोन, मग चार. लोक म्हणायला लागले की घड्याळवाला आता चिरीमिरी घेऊन पान कोरते. गुलाबशेठ तर सगळ्यात पुढं, कारण घड्याळं त्याच्याच दुकानातली अन् लोक त्याच्याच उरावर बसले होते. त्यानं सगळं तुझ्यावर ढकललं. "मी तरी काय करू? यानं खरी म्हणून पान कोरून दिली, मी विकली."

तुले कापूस मार्केटच्या ओट्यावर बोलावलं. पन्नासेक माणसं असतील. बायांना कोणी बोलावलं नव्हतं, मी कुंपणापाशी उभी होती. ती चार घड्याळं गुलाबशेठच्या रुमालात बांधलेली. तू एक उघडलं, भिंग लावलं, पाह्यलं, अन् ठेवून दिलं. मले वाटलं आता तू बोलशील. तर गुलाबशेठच गोड आवाजात म्हणाला, "आमचा राग नाही रे. तू फक्त बुद्धाच्या फोटोवर हात ठेव अन् सांग, की खोट्या घड्याळात मी आजवर एकही पान कोरलं नाही. बस. आम्ही मानतो."

कोणीतरी आपल्याच विहारातून फोटो आणून ठेवला होता. केवढी सोपी गोष्ट! हात ठेवायचा अन् एक वाक्य बोलायचं. तू फोटोकडं पाह्यलं. हात उचलला. अन् परत खाली घेतला. टोपी घातली अन् घराकडं चालायला लागला. पन्नास माणसांमधून, कोणाकडं न पाहता.

घरी आल्यावर मी काय बोलली ते तुले आठवत असेलच. मले तर रोज आठवते. मी म्हटलं, "म्हणजे केलंच असशील तू! नाहीतर शपथ घ्यायला काय जीभ झडली होती?" माय माझ्यावर धावून आली. तू म्हणाला, "राहू दे. तिले बोलू दे." त्यानंतर दोन महिने मी तुझ्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची अन् उठून जायची. खोक्यात गिऱ्हाईक येईनासं झालं. तू रोज सकाळी फळी उघडायचा, काच पुसायचा, तळहात मांडीवर ठेवून बसून राहायचा. मग ताप आला. नऊ दिवसांत तू गेला. शेवटल्या दिवशी मी तुझे पाय चेपले, पण तोंडातून शब्द नाही निघाला. माफ कर असं म्हणायला मले लाज वाटली, अन् अजून थोडे दिवस आहेत असंही वाटलं. नव्हते.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, खोकं विकून टाक. बाईमाणसानं स्टँडावर बसू नये म्हणे! गुलाबशेठनं तर माणूस पाठवला, "खोकं अन् हत्यारं मी घेतो, पोरीच्या लग्नाले उपयोगी पडेल." मी म्हटलं, "शेठले सांग, पोरीनं भिंगाशी लग्न लावलं." माय कपाळाले हात लावून बसली. अन् दुसऱ्या दिवशी मी फळी उघडली. माझा राग गेला नव्हता बा. तुझ्यावर राग ठेवूनच मी तुझ्या जागेवर बसली. लोक यायचे ते गंमत पाहायला यायचे. अलार्मची घड्याळं, भिंतीवरची घड्याळं, एवढंच काम मिळायचं. पण तळहात मी पसरूनच ठेवला. फळीवर ठेवलेलं मीही उचललं नाही.

अन् मग हा बुधवार. आर्णीकडचा एक मास्तर आला. म्हणे, "ताई, फॅन्सी स्टोअरातून घेऊन आठच दिवस झाले, अन् बंद पडलं. तुमच्या वडलांची खूण पाहून घेतलं होतं." हातात घेतलं तवाच हलकं लागलं. झाकण उघडलं. पान! ताजं, चकचकीत, कोरल्याची बारीक किनारसुद्धा बोटाले टोचून राह्यली होती. ती चार घड्याळं कोणी माझ्या हातात दिलीच नव्हती, हे पहिलंच. भिंग लावलं अन् शिरा मोजल्या. तीन अन् तीन. परत मोजल्या. सहा! कोणत्यातरी हुशार माणसाले तुझं पान वाकडं वाटलं अन् त्यानं ते सरळ करून टाकलं!

मी नाचलीच खोक्यात. मास्तर घाबरला. मी हसून राह्यली अन् डोळ्यातून पाणी चालू. बा, तू खोटा नव्हता! अन् मी तुले काय काय बोलली होती!

मास्तराले म्हटलं, हे घड्याळ रविवारपर्यंत मले द्या, अन् रविवारी बाजाराच्या दिवशी तुम्हीही या. मग तीन दिवस मी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरली. एकच सांगतलं, "माझ्या बाच्या हातचं घड्याळ असेल तर रविवारी मार्केटच्या ओट्यावर घेऊन या. घाबरू नका, फक्त झाकण उघडते."

रविवारी ओट्यावर चढली. खाली माणसंच माणसं. गुलाबशेठही आलता, पांढऱ्या धोतरात, हसत. मास्तराचं घड्याळ दाखवलं. म्हटलं, "ही खूण माझ्या बाची असेल, तर तो चितेवरून उठून कोरायला आला असेल." लोक हसले. मग म्हटलं, "बाच्या पानाले शिरा पाच. यात सहा. भिंग घ्या अन् मोजा."

गुलाबशेठ म्हणाला, "पाच कोणी सांगतल्या? तू आज काहीही सांगशील."

मी म्हटलं, "बरोबर आहे शेठ. मग तुमच्या हातातलंच उघडा ना आधी."

त्याचा चेहरा पाहायला तू पाह्यजे होता! कारण त्याच्या हातातलं घड्याळ खरं. सात वर्षांपूर्वी त्यानं स्वतः तुझ्या तळहातावर ठेवलेलं. दुनियेले विलायती विकणारा माणूस स्वतःचं घड्याळ मात्र तुझ्याकडून तपासून घेतो! नाही म्हणता येईना, पन्नास डोळे लागलेले. उघडलं. मास्तरानं भिंग लावलं अन् मोठ्यानं मोजलं, "एक, दोन, तीन... चार, पाच." टाळ्या पडल्या बा. मग पाटलांचं उघडलं. पाच. तेलाच्या दुकानदाराचं. पाच. दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. पाच. ओळीनं नऊ घड्याळं उघडली. भिंग हातोहात फिरून राह्यलं होतं, अन् कोणी कोणाच्या हाताले हात लागला म्हणून मागं सरलं नाही.

तेव्हा गुलाबशेठ ओरडला, "मग तुझ्या बापानं शपथ काहून घेतली नाही? सांग ना! पाच शिरा होत्या तर हात काहून मागं घेतला?"

 बा, तो प्रश्न माझाही होता.

नेमकं त्याच वेळी खाकी कपड्यातला एक माणूस गर्दीतून वर आला, तिकिटाची पेटी काखेत. वच्छीचा नवरा. पुसदची गाडी लावून थेट आलता. "ताई, माहं बी उघडा. लग्नातलं आहे, काकाच्याच हातची खूण." बिचारा मदत करायला आला होता. त्याच्या मागं पायरीशी वच्छी उभी, पोटाशी माहेरची पिशवी धरून.

घड्याळ माझ्या तळहातावर आलं अन् मले कळलं. हलकं. बा, ते हलकं होतं. झाकण उघडलं. भिंग लावलं. डावीकडं तीन. उजवीकडं खालची शीर जागेवर. अन् वरची नाही. ती जागा कोरी. सुरीचा ओरखडासुद्धा नाही. तू पाचवं शील त्याच्या जागी कोरलं होतं, अन् चौथं सोडून दिलं होतं. खोटं बोलणार नाही, हे त्या दिवशी तुझ्या हातानं लिहवलं नाही.

मग सगळं एकदम दिसलं. मेनरोडवरचा चहा. सदूकाकाच्या डोळ्यातला कापूस. कोण्या फेरीवाल्यानं त्या गरिबाच्या गळ्यात बांधलेलं घड्याळ, अन् दोन दिवसांवर साक्षगंध. अन् ओट्यावर वर उचललेला तुझा हात! शपथ होती, 'एकही नाही'. एक होतं. अन् सहा शिरा तुले भिंग लावताच दिसल्या असतील, पण तू तसं बोलला असता तर लोकांनी हेच केलं असतं जे मी करून राह्यली होती. गावातली सगळी घड्याळं उघडली असती. त्यात वच्छीचंही.

लोक ओरडून राह्यले होते, "किती? किती?"

काय सोपं होतं बा! 'पाच नाहीत, म्हणजे हेही नकली' असं म्हटलं असतं तर तू धुतल्या तांदळासारखा झाला असता. कोणाले शंका नसती आली. शब्द जिभेवर आला होता, खरं सांगते. मी वच्छीकडं पाह्यलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिले घड्याळाचं पहिल्यापासून ठाऊक होतं, बापानंच सांगतलं असणार. मग तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला अन् माझ्याकडं पाहून होकारानं मान हलवली. एकदाच.

मी म्हटलं, "चार."

अन् मग थांबलीच नाही. म्हटलं, "पान माझ्या बाचंच आहे. घड्याळ खोटं आहे. माझ्या बाले ते माहीत होतं, तरी त्यानं कोरलं. चौथी शीर खोटं न बोलण्याची, ती त्यानं सोडून दिली. म्हणून त्याले शपथ घेता आली नाही."

गुलाबशेठ टाळी वाजवून म्हणाला, "पाह्यलं! बोलला की नाही खोटं!"

"हो, बोलला!" मी ओरडली. "एकदा बोलला, एका पोरीच्या लग्नासाठी, अन् ते त्याच घड्याळात लिहून ठेवलं. तुम्ही किती वेळा बोलले शेठ? अन् कुठं लिहून ठेवलं?"

त्यानं धोतराचा सोगा धरला अन् गर्दीतून वाट काढली. पण मी त्याच्याकडं पाहतच नव्हती. मी कंडक्टरकडं पाहून राह्यली होती. आता हा वच्छीले काय बोलतो? तो डोकं खाजवून म्हणाला, "ताई, मी कंडक्टर आहो. खोटं आहे हे मले पहिल्याच हप्त्यात समजलं. गाडी दोनदा उशिरा सोडली मी! तवापासून स्टँडावरच्या घड्याळात पाहून चालवतो."

वच्छी तडक वर चढली. "अन् मले काहून नाही सांगतलं? मी पाच वर्षं जीव मुठीत घेऊन नांदून राह्यली!"

तो म्हणे, "तुह्या बापाले वाईट वाटलं असतं."

बा! ऐकलं का? तो तिच्या बापासाठी गप्प, ती नवऱ्याच्या भीतीनं गप्प, तू दोघांसाठी गप्प! अन् सगळ्यांत मधी एक पत्र्याचं घड्याळ. ज्याच्यासाठी तू तुझं नाव घालवलं, त्याची कोणाले पर्वाच नव्हती. रडू का हसू मले समजेना. मी दोन्ही केलं, भर ओट्यावर.

जाताना कंडक्टर म्हणाला, "ताई, आता सगळ्यांले माहीत झालंच, तर ते पान पुरं करून द्या." मी कोरणी हातात घेतली होती. पण ठेवून दिली. म्हटलं, "नाही जी. घड्याळ खोटं आहे. त्याले चारच राहतील." तो हसला. त्यानं तेच घड्याळ परत हातात बांधलं.

आता तू म्हणशील, झालं, मिटलं. काही मिटलं नाही. फॅन्सी स्टोअर आज सकाळीही उघडं आहे, मी पाहून आली. काही लोक म्हणतातच, शेवटी खोटं बोललाच ना घड्याळवाला. म्हणू दे! मीही म्हणते. माझा बा एकदा खोटं बोलला, अन् ज्याले ते मोजायचं असेल त्यानं हातात भिंग घेऊन यावं.

पण तुझ्यावरचा राग सांगते, तो आहेच. तू मले चहाले पाठवायला नको होतं. मले सांगायला पाह्यजे होतं. मी सोबत रडली असती, भांडली असती, काहीतरी केलं असतं. तू एकट्यानं ते पाच वर्षं वागवलं, अन् मी वर ताट वाढून तुझ्याकडून तोंड फिरवलं. मी 'केलंच असशील' म्हटलं तवा तू 'तिले बोलू दे' म्हणाला. ते तू काहून म्हटलं, हे आता समजलं मले. काही अंशी खरंच बोलून राह्यली होती मी. माफ कर बा. तवा नाही म्हटलं, आता म्हणते. अन् तूही माझी माफी माग, चहासाठी.

आता एक कबूल करते. आजपासून मीही झाकणात पान कोरीन. पाच शिरांचंच, तीन अन् दोन, वाकडं तर वाकडं. चार शिरांचं मी कोरणार नाही. कोणी सदूकाका परत माझ्या पायाशी बसला, डोळ्यात कापूस घेऊन, तरी नाही. मी त्याले सांगीन, घड्याळ खोटं आहे. अन् मग खोकं बंद करीन, त्याच्यासोबत साक्षगंधाले जाईन, पोरीच्या बाजूले बसीन अन् नवऱ्या मुलाच्या मामाले भर मांडवात विचारीन, घड्याळ पाह्यजे का पोरगी? तू जे झाकणाच्या आत लिहिलं, ते मी बाहेर बोलीन. एवढं तर तुझ्या पोरीले येते.

बाहेर परत कोणी हाक मारून राह्यलं. फळी उघडते आता.

तुझी,
कौशी घड्याळवाली
यष्टी स्टँडाजवळ, दिग्रस